पहिल्या थंडीतली चिलापी

मांजरसुंबा, शिवशंकरचा ढाबा
दि. १८ ऑक्टोबर (कोजागिरी काल झाली, म्हणून १८च असणार)

बबे,

पाकीट बघून दचकू नको. कुणी मेलं न्हाई, मोबाईल मेला. बिंदुसरेच्या धरणावर गळ दगडात अडकला होता, वाकून सोडवायला गेलो तर खिशातनं घसरला आणि बुडुक. खाली दिवा लागलेला दिसत होता थोडा वेळ. शिवशंकर म्हणाला, "आता एखादा मासा तुझ्या मामीला फोन लावंल, बघ." हा शिवशंकर म्हणजे ढाब्याचा मालक. मी त्याच्याकडं पंधरा दिवस भट्टीवर होतो, आता मांडववाल्या ट्रकवर जातो, पण झोपायला इथंच येतो. मी पत्र लिहायला बसलो तर म्हणतो, "कुणाला कोर्टाची नोटीस धाडायलास बे?" त्याच्या ढाब्याच्या पत्त्यावर पत्र टाकलंस तर मला मिळंल.

आता महत्त्वाचं. यंदा थंडी लई लवकर आली. काल कोजागिरीचं दूध ढाब्यावर आटवलं, तर ड्रायव्हर लोक दूध सोडून चुलीभोवती बसले. एका सोलापूरच्या ड्रायव्हरनं तर ताडपत्रीच पांघरली. त्याची एक गंमत सांगायची होती, पण ती लांब आहे.

तर चिलापी. परवापर्यंत बिंदुसरेला गुडघाभर पाण्यात चिलापी मासळी गळाला लागत होती. कणकेची गोळी टाकायची उशीर, की ओढलीच. आणि थंडी पडली त्या सकाळपासून एक न्हाई. तळं झाडून नेल्यासारखं. दिवसभर गळाच्या दोरीला बांधलेला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा पाण्यावर तरंगत ठेवून बघत बसलो, तो हलला न्हाई, मीच थंडीनं हललो. तुमच्या तळ्यात काय हाल आहे? मामा जातो का गळ घेऊन? मामाला हे वाचून दाखव.

खालचं मात्र वाचून दाखवू नको. तू अजून पहाटे उठून तळ्याकडं तोंड करून केस विंचरतीस का? मागं आलतो तेव्हा बघितलं होतं.

तुझा (पुढचा शब्द तूच भर),
सिदू


नांदूरघाट
दि. २१ ऑक्टोबर

सिदू,

पत्र मिळालं. पोस्टमनदादानं चार घरं ओरडत आणलं, त्यामुळं गुपित काही राहिलं न्हाई. आईनं पहिलं विचारलं, "पैसे मागितलेत का?" न्हाई म्हटलं तर तिला जास्तच काळजी वाटली.

आप्पांना वरचं वाचून दाखवलं. ते मेंढरं कोंडायच्या वाघरीची जाळी विणत होते. सगळं ऐकलं. तुझ्या ताडपत्रीवाल्या ड्रायव्हरला हसलेसुद्धा. मग म्हणाले, "त्याला विचार, आपल्या तळ्यात थंडी पडल्यावर चिलापी कुठं जाती?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा की. तर म्हणे, "मला ठाऊक हाय. त्याला ठाऊक हाय का ते बघायचंय."

आता नीट वाच. उभ्यानं वाचत असशील तर बस. गेवराईकडचं एक स्थळ आलंय. मुलाचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे, नाव परशुराम. दिवाळी झाली की मंडळी बघायला येणार. आई तयारच आहे. पण आप्पा म्हणाले, "आधी बहिणीच्या पोराला विचारायचं. पहिला मान त्याचा हाय. त्याला म्हणावं, ही थंडी हाय तंवर ये. दोन दिवस माझ्याबरोबर तळ्यावर बस. मग मी पाहुण्यांना काय सांगायचं ते सांगतो." आई म्हणाली, "ज्याचं पाऊल एका गावात ठरत न्हाई त्याला जावई करायलेत." आप्पा जाळीची गाठ मारत राहिले. पण गाठ चुकली, परत सोडावी लागली.

मला काय वाटतं ते तू विचारलं न्हाईस. तरी सांगते. आपल्या घरात मी सगळ्या आतेभावांना दादा म्हणते. तुला म्हणत न्हाई. एवढ्यावरनं समज.

आणि केसांचं बघणं बंद कर.

बबिता


मांजरसुंबा
दि. २७ ऑक्टोबर

बबे,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा शिवशंकरला वाचून दाखवलं (दादावाली ओळ सोडून). तो म्हणाला, "मग अजून हितं कावून बसलायस? निघ की!" मी लगेच पिशवी भरली. खरंच भरली. पण एस.टी.ला उभा राहिलो आणि मनात आलं, की रिकाम्या हातानं मामापुढं कसा बसू? मामानं सवाल टाकलाय. जावई व्हायला आलेला गडी म्हणणार, "मामा, मला ठाऊक न्हाई"? मामी तर दारातच हसंल. म्हटलं, उत्तर घेऊनच जायचं.

मी असा विचार केला. आपण मेंढरावाले. थंडी पडली की मेंढरं काय करतात? वाऱ्याकडं पाठ करतात आणि टेकडीच्या आडोशाला दाटीनं बसतात. जीव तो जीव, थंडी ती थंडी. मासाबी तसंच करत असणार. म्हणून बिंदुसरेला डोंगराच्या आडोशाचा काठ धरला. तिथं पाणी काचेवानी शांत. सकाळपासून ऊन कलेपर्यंत बसलो. पायाला मुंग्या आल्या, पण मासा आला न्हाई. दुसऱ्या दिवशी परत तिथंच. वाटलं, मेंढरालाबी आडोसा सापडायला एक रात जाते.

तेवढ्यात मांडववाल्याचा ट्रक आला, नारायणगडावर मोठा कार्यक्रम होता, माणूस कमी पडला. एका दिवसाचं काम म्हणून गेलो तर तीन दिवस लागले. काय सांगू बबे, गडावर पंगत बसली तर माणसाला शेवट दिसत न्हाई. मला डाळीची बादली दिली होती. एक म्हातारा प्रत्येक फेरीला म्हणायचा, "थोडीच दे," आणि ताट पुढंच करायचा. पाचव्या फेरीला मी म्हटलं, "बाबा, बादलीच ठेवतो." तर म्हणे, "ठेव, पण भाकरीबी आण." तुला तो दाखवायला पाहिजे होता.

तर मी येतोच आहे. माजलगावच्या धरणावर भोई लोक वर्षभर पाण्यात असतात. त्यांना विचारतो आणि तिकडनंच सरळ नांदूरघाट. दोन-चार दिवसांचा सवाल आहे. मामाला सांग, सिदू उत्तर घेऊन यायलाय. थंडी कुठं पळून जात न्हाई.

तुझा (अजून कोराच),
सिदू


नांदूरघाट
दि. २९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

सिदू,

हे पत्र ढाब्यावर टाकते. तू माजलगावात कुठं आहेस ते मला ठाऊक न्हाई. परत तिथं झोपायला येशील तेव्हा शिवशंकरदादांनी ते आधी तुझ्या हातात द्यावं, मग जेवायला वाढावं.

तुला यायला सांगितलं होतं रे. शोधायला न्हाई.

आप्पा रोज जेवण करून तळ्यावर जातात आणि दिवे लागायच्या आत परत येतात. मासे आणतात. आईनं काल विचारलं, "आला का तुमचा भाचा?" आप्पा म्हणाले, "येतोय." आज विचारलं तर मासे तिच्यापुढं ठेवून हात धुवायला गेले. तुझं २७ तारखेचं पत्र मी वाचून दाखवलं. मेंढरांचं ऐकून त्यांना हसू आलं, म्हणाले, "हुशार हाय, पण उलटा हाय." मग विचारलं, "कधी येतो म्हणला?" मी सांगितलं, दोन-चार दिवसांत. त्यांनी आभाळाकडं बघितलं. थंडीबी आता सवयीची व्हायली, सिदू. चुलीजवळ बसायची गडबड राहिली न्हाई कुणाला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गेवराईची मंडळी येणार हे पक्कं झालं. त्याच्या आत ये. उत्तर नको आणू. मिठाई नको आणू. नुसता ये.

आणखी एक सांगायचं होतं, पण ते तू समोर आल्यावर.

बबिता


माजलगाव धरण, भोयांच्या पालावरून
दि. ३ नोव्हेंबर, भाऊबीज

बबे,

सापडलं! उत्तर सापडलं!

इथं छबुबाई म्हणून एक बाई आहे. नवरा होडी चालवतो, ती जाळं टाकते आणि दोघांना शिव्या देते, नवऱ्याला आणि होडीला. मी तिला माझी मेंढरांची गोष्ट सांगितली. ती हातातलं जाळं खाली ठेवून हसली. म्हणाली, "आरं, मासा मेंढरावानी असता तर मी जाळं कशाला फेकलं असतं? काठी घेऊन घरापातूर हाकलत नेला असता!" सगळे भोई हसले. मीबी हसलो, काय करणार.

मग तिनं समजावून दिलं. वारा येतो तो तळ्यावरचं कोमट पाणी ढकलत पलीकडच्या काठाला नेतो. आडोशाला जे शांत पाणी राहतं तेच सगळ्यात गार. म्हणजे मी तिथं बरोब्बर उलट्या जागी बसलो होतो, आणि वर घोंगडं पांघरून! पहिले एक-दोन दिवस मासा वारा धडकतो त्या काठाला जातो. थंडी टिकली की काठच सोडतो आणि खाली खोलात उतरतो. बुडालेलं झाड, नदीचं जुनं पात्र, असं काही बघतो आणि तिथं सगळे मिळून बसतात. मग हलत न्हाईत. ऊन डोक्यावर आलं की थोडं तोंड उघडतात, तेव्हा बारकं गांडूळ अगदी हळू सोडायचं, की त्याला वाटलं पाहिजे आपोआप आलंय. "मासा कुटं जात न्हाई रं," ती म्हणाली, "खाली बसतो. त्याच्या डोक्यावर जाऊन तुला बसावं लागतं."

तिनं विचारलं, "तुझ्या मामाच्या तळ्यात खोल काय हाय?" मी म्हटलं, ते मामालाच ठाऊक. तर म्हणे, "मग मामाला विचार की जाऊन, हितं माझ्या भाकरी कावून खायलास?" लई जिभेची आहे, पण मनानं चांगली.

मी आजच निघणार होतो. पण तिचा नवरा म्हणाला, परवा मोठ्या पाण्यात होडी घालणार आहे, चल. बबे, होडीतनं मधल्या पाण्यात मी आजवर कधी गेलो न्हाई. एवढं बघून घेतो आणि येतो. मधल्या पाण्यातला मासा बघितला म्हणजे मामापुढं नुसतं ऐकलेलं न्हाई, बघितलेलं सांगता येईल. मांजरसुंब्याला गेलो न्हाई, त्यामुळं तुझं पत्र आलं असंल तर ते तिथंच आहे. काय लिहिलं असशील ते मला ठाऊकच आहे, "लवकर ये." यायलोच की.

आज भाऊबीज. छबुबाईनं मला ओवाळलं. तुझी आठवण आली, आणि बरं वाटलं, की आपल्यात हा सण कधी झाला न्हाई आणि होणारबी न्हाई.

तुझाच (हा शब्द आता मीच भरतो),
सिदू


नांदूरघाट
दि. ६ नोव्हेंबर

सिदूदादा,

गेवराईची मंडळी परवा येऊन गेली. लग्न तुळशीच्या लग्नानंतर, महिनाअखेरीला धरलंय.

मला कुणी ढकललं न्हाई, हे आधी सांगते, म्हणजे तू आईला किंवा आप्पांना बोल लावणार न्हाईस. सकाळी आप्पांनी मला तळ्यावर नेलं. म्हणाले, "पाहुणे दुपारी येतील. तू सांग. आणखी थांबायचं म्हणालीस तर मी त्यांना परत लावतो, माझ्यात तेवढं बळ हाय." मी सांडव्यावर बसून रस्त्याकडं बघितलं. केजची गाडी आली, त्यातनं दोन बाया आणि एक कोंबड्यांची पाटी उतरली. मी आप्पांना म्हटलं, येऊ द्या पाहुण्यांना.

परशुराम बरे आहेत. कमी बोलतात. चहा पिताना त्यांनी बशी खाली ठेवायला जागा शोधली आणि सापडली न्हाई म्हणून तशीच हातात धरून बसले. मला हसू आलं. मग तेबी हसले.

तुझं भोयांच्या पालावरचं पत्र आज आलं. आप्पांना वाचून दाखवलं, भाऊबीजेची ओळ सोडून. ते म्हणाले, "बरोबर हाय. सगळं बरोबर हाय." आणि उठून गोठ्याकडं गेले.

आता ते सांगते, जे तू समोर आल्यावर सांगणार होते. तळं झालं तेव्हा आपलं खालचं रान पाण्यात गेलं आणि रानातली विहीरबी गेली. पहिली थंडी पडली की चिलापी त्या विहिरीवर बसते. सांडव्यावरचं लिंबाचं झाड आणि पलीकडचा म्हसोबाचा दगड एका रेघेत आले पाहिजेत, आणि मधे जो खडक पाण्यात घुसलाय त्याच्या टोकावर बसायचं. लांब काठी टाकली की विहिरीच्या तोंडावर पडते. आप्पांनी मला हे मी फ्रॉक घालत होते तेव्हा दाखवलं. तू गावोगाव विचारत हिंडलास, ढाब्यावर विचारलंस, भोयांना विचारलंस. मला एका पत्रात एका ओळीनं विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं.

आणि आप्पांना तुझं उत्तर नकोच होतं. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवसापासून परवापर्यंत ते रोज दोन काठ्या घेऊन जायचे. मी चहा द्यायला जायचे तेव्हा बघायचे. एक त्यांच्या हातात, आणि एक बाजूला, गांडूळ लावून पाण्यात सोडलेली, तिच्या जवळ घोंगडं घालून ठेवलेलं. त्या काठीला मासा लागला की ते काढून घ्यायचे आणि परत सोडायचे. एकदा मी म्हटलं, दुसरी कशाला? तर म्हणाले, "आला तर लगेच बसंल. गळ बांधण्यात वेळ नको जायला."

लग्नाला ये. मांडव तुमच्याच लोकांना सांगितलाय.

बबिता


नांदूरघाट, तळ्यावरून
दि. २ डिसेंबर

सौ. बबितास,

अनेक आशीर्वाद. परशुरामरावांना नमस्कार सांग. हे पत्र त्यांनी आधी वाचलं तरी चालंल, तशा रीतीनंच लिहितो.

तुझी दोन्ही पत्रं मला एकदमच मिळाली. मधल्या पाण्यातनं परत आलो आणि मांजरसुंब्याला उतरलो, तर शिवशंकरनं ताट केलंच न्हाई, आधी पाकिटं दिली. मी अडाण्यासारखी नंतरची तारीख आधी फोडली. पहिलाच शब्द वाचला आणि दुसरं फोडावंसं वाटेना. फोडलं शेवटी. शिवशंकर रोज बडबडणारा माणूस, त्या दिवशी नुसता पाण्याचा तांब्या ठेवून गेला.

मांडव मीच बांधला हे तू बघितलंस. दारावरची झालर वाकडी होती, ती तुझ्या वरातीपर्यंत तशीच राहिली, मामी मला दोनदा ओरडली. पंगतीला बुंदी वाढत तुमच्या ओळीत आलो तेव्हा तू पानावर हात आडवा धरलास आणि म्हणालीस, "बस, दादा." आवाज साधाच होता. मी पुढच्या पानाकडं गेलो. परशुरामरावांना दोन मुठी जास्त वाढल्या, त्यांनी खाल्ल्या. चांगला माणूस आहे.

ट्रक दुसऱ्या दिवशी गेला. मी गेलो न्हाई. पिशवी भरलेली होती, पण मामा जेवण करून निघाला आणि मी मागं निघालो. त्यानं वळून बघितलं न्हाई. खडकाच्या टोकावर गेला, बसला. एकच काठी होती. मी बाजूला बसलो. मी लिंब बघितला, म्हसोबा बघितला, रेघ बरोबर होती. शेवटी मीच म्हटलं, "मामा, चिलापी विहिरीवर बसती."

"हं," मामा म्हणाला.

"मला आता कळलं."

"कळायचं हुतंच कधीतरी." मग जरा वेळानं म्हणाला, "तिनंच सांगितलं असणार." मी मान हलवली. म्हणाला, "लहानपणापासून तिला पक्कं ठाऊक. तिच्याइतका गळ टाकणारा माझ्या बघण्यात न्हाई."

दुसऱ्या दिवशी तो दोन काठ्या घेऊन निघाला. मला दिली न्हाई, खांद्यावर दोन्ही ठेवल्या आणि चालायला लागला. खडकावर आल्यावर एक माझ्याजवळ ठेवली. गळ बांधलेला होता. बबिता, त्या बांबूवर हात धरायची जागा घासून गुळगुळीत झालीय. बारकी आहे, माझ्या मुठीला पुरत न्हाई. मामानं सांगितलं न्हाई, मीबी विचारलं न्हाई. तो माझ्यासाठी रोज तुझी काठी पाण्यात सोडत होता.

आता थंडी खरी पडलीय, ती कोजागिरीची चुणूक न्हाई. ऊन डोक्यावर आलं की धांड्याचा तुकडा एकदाच हलतो, पान पडल्यासारखा. ओढायची घाई करायची न्हाई, हे मला इतक्या दिवसांनी जमतंय. काल सात-आठ लागल्या. मामीनं कालवण केलं, मला दुसऱ्यांदा वाढलं, आणि म्हणाली, "तू आणि किती दिवस हायस?" टोमणा होता का खरंच विचारलं, कळलं न्हाई. मामा माझ्याकडं बघत होता. मी म्हटलं, "हाय मामी. थंडी सरंस्तोर तरी हाय." मामानं भाकरी मोडली आणि जेवायला लागला.

पोस्टमनदादा उद्या येतो म्हणून आज खडकावर बसूनच लिहितोय. मामा म्हणतो, "लिहिणं थांबव, तुझा तुकडा हलला." थांबवतो.

माहेरी येशील तेव्हा काठी जागेवर असंल. मी पुसून ठेवतो.

तुझा दादा,
सिदू